बेदगेलर्ट मुक्कामी: वेल्सच्या डोंगरात एकट्याने पायी

कळसूबाई 1,646 मीटर. वेल्समधलं सर्वांत उंच शिखर अर् विद्वा, ज्याला इंग्रजीत स्नोडन म्हणतात, ते 1,085 मीटर. हे दोन आकडे शेजारी ठेवले की सह्याद्रीत बूट झिजवलेल्या माणसाला हसू येतं. मलाही आलं होतं. ते दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलं. धुकं खाली आलं, समोरची वाट दोन मेंढवाटांमध्ये फुटली, आणि कुणाला तरी विचारावं म्हणून मी सवयीने इकडेतिकडे पाहिलं. आपल्याकडे अशा वेळी एखादा गुराखी भेटतो, मोळी घेऊन निघालेली मावशी भेटते, नाहीतर खालच्या वाडीतलं कुत्रं तरी भुंकतं. तिथे मेंढ्या होत्या. त्यांनी माना वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चरायला लागल्या.

इथे एकट्याने चालायचं तर वाटाड्याचं काम नकाशाला द्यावं लागतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने एवढं पक्कं धरलं तर पुढचं सगळं जमतं.

आधी गाव ठरवा, मग डोंगर

एररी, म्हणजे पूर्वीचं स्नोडोनिया, हे राष्ट्रीय उद्यान 1951 साली झालं. क्षेत्रफळ सुमारे 2,130 चौरस किलोमीटर. नोव्हेंबर 2022 मध्ये उद्यान प्राधिकरणाने एररी आणि अर् विद्वा हीच वेल्श नावं वापरायचं ठरवलं, त्यामुळे नव्या पाट्यांवर आणि पत्रकांवर ‘स्नोडन’ शोधत बसू नका.

एवढ्या मोठ्या मुलखात रोज मुक्काम हलवत फिरण्यापेक्षा नवख्याने एकाच गावात चार-पाच रात्री राहावं. पाठीवरचं ओझं कमी होतं, आणि पावसाने एखादा दिवस खाल्ला तरी बेत कोसळत नाही. माझी निवड बेदगेलर्ट. ग्लासलिन आणि कोलविन या दोन नद्यांच्या संगमावरचं दगडी घरांचं छोटंसं गाव, मधोमध दगडी पूल, चहूकडे डोंगर. खरी गंमत अशी की बहुतेक वाटा दारातूनच सुरू होतात. गाडी लागत नाही. ज्या गावी उतरून पुन्हा रोज बस धरून पायथ्याशी जावं लागतं, ते एकट्या माणसाला दमवतं.

जायचं मे, जून किंवा सप्टेंबरमध्ये. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे वेळेचा अंदाज चुकला तरी अंधारात अडकत नाही. डिसेंबरात चारच्या सुमाराला दिवस मावळतो. ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी, गावात पाय ठेवायला जागा नसते आणि खोल्यांचे भाव चढलेले असतात.

पोहोचणं

भारतातून जाणाऱ्यांना ब्रिटनचा साधा पर्यटक व्हिसा लागतो. वेल्ससाठी वेगळं काही नाही. युरोपचा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, हे दरवर्षी कुणाला तरी विमानतळावर कळतं. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. नोकरी-शिक्षणासाठी आधीच तिकडे असाल तर हा परिच्छेद सोडून द्या.

लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून बँगरला रेल्वेने साधारण सव्वातीन ते साडेतीन तास; काही गाड्या सरळ जातात, काहींना क्रू किंवा चेस्टरला बदल असतो. बँगरहून बसने कार्नार्व्हन, तिथून दुसऱ्या बसने बेदगेलर्ट. डोंगराभोवती फिरणाऱ्या या बससेवेचं नाव ‘शेरपार विद्वा’, म्हणजे विद्वाचा शेरपा. नाव हिमालयातलं असलं तरी ते इथे अगदीच परकं नाही: 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेतल्या गिर्यारोहकांनी याच डोंगरात सराव केला होता, आणि त्यांचा तळ पेन-इ-ग्वरिद इथल्या जुन्या हॉटेलात होता. तिथल्या छतावर त्यांच्या सह्या आजही आहेत.

बसचं वेळापत्रक उन्हाळ्याचं वेगळं, हिवाळ्याचं वेगळं आणि रविवारचं आणखी वेगळं. मी फोनमध्ये जुनं वेळापत्रक उतरवून ठेवलं होतं. परिणामी कार्नार्व्हनच्या किल्ल्याकडे बघत दोन तास बसले. किल्ला सुंदर आहे, पण दोन तासांइतका नाही. निघायच्या आदल्या दिवशी वेळा पुन्हा पाहाव्यात आणि शेवटची बस कितीची हे कागदावर लिहून खिशात ठेवावं.

दुसरा मार्ग थोडा महाग, पण एकदा तरी अनुभवावा असा. कार्नार्व्हन ते पोर्थमॅडॉग अशी वेल्श हायलँड रेल्वे धावते, 25 मैलांची, आणि बेदगेलर्टला तिचं स्टेशन आहे. रुळांची रुंदी जवळजवळ आपल्या नेरळ-माथेरानएवढीच, दोन फुटांच्या आसपास. फक्त तिथे अजून वाफेची इंजिनं धावतात, दक्षिण आफ्रिकेतून आणलेली. ही गाडी हिवाळ्यात जवळजवळ बंद असते आणि हंगामातही रोज असतेच असं नाही.

खोली घेताना

गावात काही हॉटेलं आहेत आणि घरगुती न्याहारी-मुक्कामाची घरं, ज्यांना तिकडे बी अँड बी म्हणतात. एकट्या माणसाची अडचण ही की बहुतेक खोल्या दोघांच्या असतात आणि भाडंही दोघांचं. त्यामुळे सरळ फोन करून किंवा लिहून विचारा: एकटी आहे, चार रात्री राहणार आहे, काही कमी होईल का? शनिवार-रविवार सोडले तर पुष्कळदा होतं. स्वस्तात हवं असेल तर युवा वसतिगृहांची साखळी आहे. ब्रिन ग्विनंट आणि स्नोडन रेंजर ही त्यांची दोन घरं जवळपास आहेत, पण ‘जवळपास’ म्हणजे गावापासून काही मैलांवर, तळ्याकाठी. बसच्या वेळा जुळत असतील तरच ती घ्या. तंबूवाल्यांसाठी गावाबाहेर जंगलात तळाची जागा आहे.

बाई एकटी म्हणून मला कुणी विचित्र नजरेने पाहिलं नाही, की ‘सोबत कोण आहे?’ असं विचारलं नाही. तिकडे एकट्याने चालणारे, त्यातही साठीच्या बायका, भरपूर दिसतात.

नकाशा वाचायला शिका

यावर घरीच एक रविवार घालवा. ब्रिटनच्या सर्वेक्षण खात्याचे, ऑर्डनन्स सर्व्हेचे, नकाशे मिळतात. आपल्याला हवा तो एक्सप्लोरर मालिकेतला ओएल 17. प्रमाण 1:25,000, म्हणजे नकाशावरचे चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. शेताचा प्रत्येक बांध, प्रत्येक गडगा त्यावर असतो. हो, गडगाच: कोकणात चुना-माती न लावता रचतात तसेच दगडी गडगे इथे डोंगरभर पसरलेले आहेत, आणि धुक्यात तेच तुम्हाला वाट दाखवतात. ‘गडगा उजव्या हाताला ठेवून चढायचं’ एवढं ध्यानात धरलं तरी निम्मी चूक टळते.

हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक पायवाट. कुणाच्या शेतातून गेली असली तरी तिच्यावरून चालण्याचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. पहिल्यांदा हे पटत नाही. दुसऱ्याच्या अंगणातून जाताना आपण चोरासारखे अंग आखडतो. पिवळसर छटा असलेला भाग म्हणजे मोकळा डोंगर, तिथे वाट सोडूनही चालता येतं. मात्र काळ्या तुटक रेषेचा अर्थ एवढाच की तिथे वाट आहे. तिच्यावर हक्क आहेच असं नाही.

उंचीच्या रेषा दहा-दहा मीटरच्या. त्या एकमेकींना चिकटल्या की पुढे कडा किंवा छातीवरचा चढ आहे असं समजा.

वेळेचा हिशोब नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये घालून दिला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. नऊ किलोमीटर आणि साडेतीनशे मीटर चढ म्हणजे सुमारे दोन तास पंचवीस मिनिटं. नवख्याने त्यात निम्मा वेळ मिळवावा, वर डबा खाण्याचा वेगळा. मी नेहमी दीडपट धरते आणि तरी दहा मिनिटं उशिरा पोहोचते.

फोनमधला नकाशा ठेवा, पण तो आधी उतरवून घ्या. दऱ्यांमध्ये नेटवर्क मिळत नाही आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते. नुसत्या ॲपच्या भरवशावर शिखर गाठायला निघालेल्यांची तिथे एक ठरलेली चूक आहे. पेन-इ-पासहून निघणारी पिग ट्रॅक ही वाट एका खिंडीत फुटते, आणि सरळ वर गेलेली शाखा क्रिब गॉख या सुरीच्या पात्यासारख्या धारेवर नेऊन सोडते. ती धार नवख्यांसाठी नाही, एकट्या नवख्यासाठी तर मुळीच नाही.

नावं वाचता आली की डोंगर वाचता येतो

ग्विनेद परगण्यात, जिथे हे गाव आहे, 2021 च्या जनगणनेनुसार सुमारे 64 टक्के लोक वेल्श बोलतात. दुकानात, बसमध्ये तीच कानावर पडते. इंग्रजी सगळ्यांना येतं, पण नकाशा वेल्शमध्ये आहे आणि त्यातली नावं म्हणजे जमिनीचं वर्णनच असतं. आपल्याकडे ‘घोणसमाळ’, ‘वाघजाई खिंड’ म्हटलं की काही सांगावं लागत नाही, तसंच.

आवॉन म्हणजे नदी. ख्लिन म्हणजे तळं. पोन्ट म्हणजे पूल. कॉइड म्हणजे झाडी. कुम म्हणजे तिन्ही बाजूंनी डोंगर असलेली वाटीसारखी दरी. मॉइल म्हणजे बोडका डोंगर. आणि सगळ्यांत कामाचा शब्द बुल्ख: खिंड. नकाशावर बुल्ख दिसला की डोंगर ओलांडायची जागा तीच, हे समजून घ्या. पण वारा तिथेच अंगावर येतो, तेव्हा जाकीट त्याआधी चढवा. रस्त्यावर मोठ्या अक्षरांत ‘आराव’ रंगवलेलं दिसेल, ते गावाचं नाव नव्हे, ‘हळू’ असा इशारा आहे.

दोन एल एकत्र आले की जो आवाज होतो तो मराठीत नाही. जीभ ‘ल’साठी लावायची आणि आवाज न काढता नुसती हवा सोडायची. मला तो नीट जमला नाही, पण प्रयत्न केल्यावर दुकानातल्या बाईंनी हसून मला दोनदा म्हणून दाखवला. ‘बोरे दा’ म्हणजे सुप्रभात, ‘दीओल्ख’ म्हणजे आभारी आहे. वाटेत समोरून येणाऱ्याला अभिवादन करायची पद्धत आहे, तेवढं वेल्शमधून केलं तर माणसं थांबून पुढच्या चिखलाची खबर देतात. म्हणजे वाटाडे अगदीच नाहीत असं नाही; ते फक्त विरळ आहेत.

पहिला दिवस: पाय मोकळे करा

पोहोचल्या दिवशी डोंगर नको. नदीकाठच्या सपाट वाटेने गेलर्टच्या समाधीपर्यंत जा; अर्ध्या तासात जाऊन येता. गावाचं नावच ‘गेलर्टची समाधी’. गोष्ट अशी: तेराव्या शतकातला राजा ख्लवेलिन शिकारीहून परतला, तर पाळणा उलटा पडलेला आणि कुत्र्याचं तोंड रक्ताने माखलेलं. त्याने तलवार खुपसली, आणि मग बाळ सापडलं, सुखरूप, शेजारी मेलेला लांडगा. ऐकल्याबरोबर मराठी माणूस म्हणतो, अरे ही तर पंचतंत्रातल्या मुंगसाची गोष्ट! बरोबर आहे. लोककथांचे अभ्यासक दोन्ही एकाच कथेची रूपं मानतात. मुंगसाचा कुत्रा झाला, सापाचा लांडगा. समाधीचे दगड मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस गोट हॉटेलचा पहिला मालक डेव्हिड प्रिचर्ड याने पाहुणे वाढावेत म्हणून उभे केले असं मानलं जातं. तरीही लोक तिथे गंभीर चेहऱ्याने उभे राहतात. मीसुद्धा राहिले.

दुसरा दिवस: दरी, खाण आणि तळं

या गावाची सर्वांत चांगली वाट ही. सुमारे नऊ किलोमीटर, नवख्याला चार तास.

समाधीच्या बाजूने ग्लासलिनच्या काठाकाठाने खाली जा. नदी अरुंद होत अबरग्लासलिनच्या घळीत शिरते आणि वाट पाण्याला चिकटून खडकांवरून जाते. तिला कोळ्यांची वाट म्हणतात, म्हणजे गळ टाकणाऱ्यांची. काही ठिकाणी खडकात धरायला लोखंडी कड्या ठोकल्या आहेत. ओल्या खडकावर बूट घसरतात, म्हणून हा भाग ताज्या पायांनी, सकाळीच करावा. उलट दिशेने गेलात तर तो थकल्यावर येतो. आदल्या रात्री जोरात पाऊस झाला असेल आणि नदी वाटेवर आली असेल तर मागे फिरा. शेजारून रेल्वेचे बोगदे जातात; त्यात शिरायचं नाही, गाड्या चालू असतात.

घळ संपली की डावीकडे झाडीतून नांटमोरच्या वाहनतळापाशी या. तिथून कुम बिखनची चढण लागते. वर मोकळ्या दरीत लोखंडी सांगाडे उभे दिसतात, तांब्याच्या खाणीतून धातुक खाली नेणाऱ्या जुन्या रज्जुमार्गाचे. माझी मेंढ्यांशी गाठ पडली ती इथेच. सांगाडे मागे पडल्यावर वाटा फुटतात. नकाशा काढायचा तो तिथे, हरवल्यावर नव्हे. बुल्ख ओलांडला की खाली ख्लिन डिनस हे तळं दिसतं. उतार तीव्र आहे, दगडी पायऱ्यांचा. काठी असेल तर गुडघे दुवा देतील. तळ्यापासून गावापर्यंत नदीकाठची सपाट वाट, मध्ये सिगनची तांब्याची खाण. ती 1903 मध्ये बंद पडली, आता आत जाऊन पाहता येते. पाऊस आला तर दीड तास लपायला उत्तम जागा.

जूनमध्ये डोंगराचे काही उतार जांभळे दिसतील. ऱ्होडोडेंड्रॉन फुललेलं असतं. फोटो काढा, पण स्थानिकांसमोर फार कौतुक करू नका. बागेसाठी आणलेलं ते झुडूप आपल्याकडच्या घाणेरीसारखं माजलं आहे आणि ते उपटण्यात त्यांची वर्षं चालली आहेत.

पुढचे दिवस

डिनस एमरिस ही अर्ध्या दिवसाची टेकडी, क्राव्हलविनहून सुरू होणारी. जुना किल्ला, आता जोतीच उरलेली. व्होर्टिगर्न राजाने इथे बांधलेली भिंत रोज रात्री ढासळायची, आणि जाणत्यांनी एका मुलाचा बळी द्यायला सांगितलं. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची दंतकथा ठाऊक असलेल्याला इथे थांबावंच लागतं. फरक एवढा की इथला मुलगा वाचला: त्याने सांगितलं की खाली तळ्यात दोन ड्रॅगन लढताहेत, एक लाल आणि एक पांढरा. जिंकला तो लाल. तोच वेल्सच्या झेंड्यावर आहे.

पावसाचा दिवस असेल तर लोन ग्विरवाई. बेदगेलर्टच्या जंगलातून रिद-थी गावापर्यंत साधारण सात किलोमीटरची रुंद, चुकता न येणारी वाट. परत रेल्वेने किंवा बसने.

शिखराचा मोह होणारच. गावाजवळची वाट म्हणजे वॉटकिन पाथ. 1892 मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, तिचं उद्घाटन केलं. ती समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ मीटरवर सुरू होते, म्हणजे चढ हजार मीटरचा. सुरुवातीचा हसू आणणारा आकडा इथे खोटा पडतो. शेवटचा टप्पा सुट्या दगडांचा, घसरडा. पहिल्या खेपेला धबधबे आणि ग्लॅडस्टन ज्या खडकावरून बोलले तिथपर्यंत जाऊन परतावं, असं मी म्हणेन. शिखरच हवं असेल तर रिद-थीची वाट घ्या, स्वच्छ हवेच्या दिवशी, सकाळी आठच्या आत.

मॉइल हेबॉग गावाच्या डोक्यावरच आहे. सरळ उभा, उतरताना जास्त त्रासदायक. शेजारच्या डोंगरात एक गुहा आहे, तिथे ओवाइन ग्लिन्दूर लपला होता अशी आख्यायिका. 1400 साली इंग्रजांविरुद्ध उठलेला, डोंगरांच्या आधाराने लढलेला हा माणूस मराठी वाचकाला लगेच आपला वाटतो. पण गुहेची चढण धोक्याची आहे, ती खालूनच बघा.

अंगावर काय, डब्यात काय

आपला पाऊस चार महिने कोसळतो आणि जातो. इथला बारा महिने येत-जात राहतो, आणि त्यासोबत थंडी असते. खरी भीती भिजून गारठण्याची. म्हणून जीन्स नको, सुती बनियन नको. ती ओली झाली की अंगाला चिकटून बसतात. आत लवकर वाळणारा कपडा, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यांत वर पाणी न शिरणारं जाकीट आणि विजार. छत्री पहिल्या बुल्खमध्ये उलटी होते. जूनमध्येही टोपी आणि हातमोजे पिशवीत असू द्या. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, घरी वापरून मऊ केलेले बूट. हेडटॉर्च, शिट्टी, होकायंत्र.

सकाळी ब्रिटिश हवामान खात्याचा डोंगरांसाठीचा वेगळा अंदाज पाहा, गावाचा नव्हे. त्यात पावसाआधी वारा वाचा. माथ्यावर ताशी चाळीस मैलांचा वारा सांगितला असेल तर त्या दिवशी खालच्या वाटा.

नेच्याच्या रानातून चाललात तर संध्याकाळी पोटऱ्या आणि गुडघ्यांमागे गोचीड आहे का पाहा. असेल तर बारीक चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा. नंतर लाल वर्तुळ उठलं किंवा ताप आला तर डॉक्टर गाठा.

गावात छोटं दुकान आहे. मोठी खरेदी पोर्थमॅडॉगला. पबचं स्वयंपाकघर दुपारी बंद होतं आणि रात्री नऊच्या आतच आवरतं, हे भुकेल्या पोटी कळलं की वाईट वाटतं. शाकाहारींनी ग्लॅमॉर्गन सॉसेज बिनधास्त मागवावं. नाव घाबरवतं, पण आत चीज आणि कांद्याच्या जातीतला लीक असतो. उलट वेल्श रेअरबिट, म्हणजे चीज-टोस्ट, निरुपद्रवी वाटतो. त्यात बहुधा बिअर असते आणि वूस्टर सॉसमधून मासळी येते. वेल्श केकमध्ये लोण्याऐवजी डुकराची चरबी असू शकते. विचारा, कुणी रागावत नाही. बारा ब्रिथ, सुक्या मेव्याचा चहातला पाव, डब्यात चांगला टिकतो. घरून न्यायचं तर चिक्की आणि भाजलेले शेंगदाणे. पेढे, तूप, दुधाचं काहीही नको, ते विमानतळावर काढून घेतात. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वर मेंढ्या आहेत.

काही बिघडलंच तर

999 किंवा 112 लावा, आधी ‘पोलीस’ मागा, मग ‘माउंटन रेस्क्यू’. येणारे लोक स्वयंसेवक असतात आणि पैसे घेत नाहीत. बोलण्याइतकं नेटवर्क नसलं तरी संदेश जाऊ शकतो, पण त्यासाठी आधी नोंदणी लागते: ब्रिटनच्या सिमवरून 999 ला ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत पाठवायचा. हे घरी बसून करा. फोनच नसेल तर एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. ते आलं तरी तुमच्यापर्यंत माणसं पोहोचेस्तोवर वाजवत राहा.

आणि रोज सकाळी निघताना मुक्कामाच्या घरी एक चिठ्ठी ठेवा: कुठली वाट, कुठल्या दिशेने, किती वाजेपर्यंत परत. माझ्या यजमानीणबाई ती फ्रिजवर लावून ठेवायच्या. परतल्यावर आधी त्यांना जाऊन ‘आले’ म्हणून सांगायचं, बूट नंतर काढायचे. न सांगता वर जाऊन झोपलात तर रात्री कुणीतरी टॉर्च घेऊन तुम्हाला शोधायला डोंगर चढू लागेल.